डाव्या डोळ्यातलं पिवळं

रणरणत्या उन्हाचे ते नऊ दिवस, नवतपा, संपून आठवडा झाला होता, पण नागपूरच्या महाल भागातल्या उन्हाला ते कोणी कळवलं नव्हतं. मामाच्या वाड्यात कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास खोलीभर साचला होता आणि मी मामाच्या उजव्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन एकच दिवस झालेला, पट्टी सकाळीच निघालेली. थेंब टाकून झाल्यावर मामाने डोळे मिटले, सावकाश उघडले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. इतका वेळ, की मला वाटलं भिंतीवर पाल असावी. मग म्हणाला, “ही भिंत निळी कधी केली?”

आतून मामीचा आवाज आला, “निळी कशाला करतील? मागच्या दिवाळीत पांढरा मारला ना. तुम्हीच तर उभे होते रंगाऱ्याच्या डोक्यावर.”

मी काही बोलले नाही, कारण भिंत निळीच होती. निळी म्हणजे गडद नव्हे. धोतराला नीळ जरा जास्त झाली की ते जसं दिसतं, तशी. दिवाळीच्या आधी रंगारी आला होता तेव्हा मीही तिथे होते. त्याने पांढऱ्याचा पहिला हात मारला आणि मामा म्हणाला, हा पांढरा नाही, हा पिवळट आहे, यात निळा टाक. त्याने थेंबभर टाकला. मामा म्हणाला अजून. रंगारी माझ्याकडे बघायला लागला, मी मामीकडे बघितलं, मामीने खांदे उडवले. तीस-पस्तीस वर्षं सिनेमाचा कॅमेरा चालवलेल्या माणसाला पांढरा म्हणजे काय हे शिकवायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती. भिंती निळसर झाल्या. दिवाळीला आलेले पाहुणे म्हणाले, वा, वेगळंच दिसतंय. आम्ही म्हटलं, मामाने रंग काढलाय.

आणि आता मामा एक डोळा हाताने झाकत होता, मग दुसरा. उजवा, डावा, उजवा. दवाखान्यातल्या तक्त्यासमोर बसवलेल्या पोरासारखा. शेवटी हात खाली घेऊन म्हणाला, “डावा बत्तीसशे, उजवा छप्पनशे.” आणि हसला. ते हसणं मला बरं वाटलं नाही.

ज्यांच्या घरात कॅमेरामन नसतो त्यांना हे आकडे सांगावे लागतात. आमच्या घरात ते लहानपणीच कानावर पडले होते, पाढ्यांसारखे, न समजता. दिव्याच्या पिवळ्या उजेडाचं रंगतापमान ३२०० केल्व्हिन, भर दिवसाच्या उजेडाचं ५६००. आपला डोळा लबाड असतो, तो दोन्हींत पांढऱ्याला पांढरंच म्हणतो. फिल्म तशी लबाडी करत नाही. दिव्यासाठी बनवलेली फिल्म उन्हात वापरली तर सगळं निळं येतं, म्हणून लेन्सपुढे एक नारिंगी काच लावायची, पंच्याऐंशी नंबरची. मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं, आणि ते इतकं हळूहळू होतं की माणसाला कळत नाही. मामाच्याच शब्दांत सांगायचं तर त्याच्या दोन्ही डोळ्यांत कोणीतरी पंच्याऐंशी नंबर लावून ठेवला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. उजव्यातला काल निघाला. डाव्यातला अजून आहे.

“किती वर्षं असंल गं हे?” त्याने विचारलं. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले दहा-पंधरा वर्षं तरी आत पिकत असेल. तो मनातल्या मनात वजाबाकी करत असावा. मी त्याला ताक आणून दिलं तर ते त्याने खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, मग प्यायला.

मला ती वजाबाकी रात्री घरी आल्यावर लक्षात आली. मामाचा शेवटचा सिनेमा २०११ मधला.

मामाची गोष्ट आमच्या घरात कोणी सलग सांगत नाही, ती तुकड्यातुकड्यांनी माहीत असते. वडिलांना हा मुलगा इंजिनियर व्हायला हवा होता. सायन्सची पदवी घेऊन तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला गेला १९७४ साली. तिथे, प्रभातच्या जुन्या स्टुडिओत, १९६० मध्ये ही संस्था सुरू झाली हे आजोबांना पोस्टकार्डातून कळवून त्याने ‘प्रभात’ या नावाचा पुरेपूर फायदा उठवला, कारण आजोबा प्रभातच्या ‘संत तुकाराम’चे भक्त. मग मुंबई. आधी कॅमेरा अटेंडंट म्हणून पेट्या उचलल्या, मग क्लॅपर-लोडर, मग टेप घेऊन फोकस ओढणारा, मग चीफ असिस्टंट, आणि खूप उशिरा, पस्तिशी उलटल्यावर, स्वतंत्र. पाच सिनेमे, त्यातले दोन लागले, एक डब्यातच राहिला. बाकी माहितीपट, टीव्हीच्या मालिका, साबण-तेलाच्या जाहिराती. युनिटमधले त्याच्या बोलण्याची नक्कल करायचे, कारण मुंबईत इतकी वर्षं काढूनही तो ‘लाइट बदलून राहिला, लवकर करा’ असंच ओरडायचा. मामीला तिकडची हवा मानवली नाही असं घरात म्हटलं जातं. मामी म्हणते, हवा ठीक होती, माणूस घरी नव्हता.

पडद्यावर त्याचं नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते बर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये. आई, मावशी, मी, शेजारच्या दोघी, अशी रांगच्या रांग. ‘छायाचित्रण’ हा शब्द आला, त्याखाली मामाचं नाव आलं, आईने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली, आणि तेवढ्यात नाव गेलंही. पुढचे अडीच तास मामा कुठे आहे हे मी शोधत होते. नायिका रडत होती, म्हणजे मामा तिच्यासमोर बसलाय. बस घाटातून चालली होती, म्हणजे मामा समोरच्या डोंगरावर. त्या वयात मला वाटायचं कॅमेरामन म्हणजे सगळीकडे हजर असलेला माणूस. रात्री एसटीडी बूथवरून त्याला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, “कसं दिसून राहिलं होतं?” आई म्हणाली, छान, पण जरा अंधारं. मामा भडकला. टॉकीजवाले प्रोजेक्टरच्या कार्बनचे पैसे वाचवायला दिवा मंद ठेवतात, मी दोन दिवस घालून त्या बाईच्या चेहऱ्यावर जो अर्धा स्टॉप उजेड आणला तो यांनी खाल्ला, वगैरे. आईला यातलं ‘खाल्ला’ एवढंच कळलं. तिने विचारलं, “जेवलास का?”

फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्याला ज्या दोन माणसांनी वेड लावलं त्यांची नावं मात्र आम्हाला पाठ आहेत. एक सुब्रत मित्र. सिनेमाचा कॅमेरा कधी हातात धरला नव्हता आणि एकविसाव्या वर्षी ‘पथेर पांचाली’ला उभा राहिलेला मुलगा. पुढच्याच ‘अपराजितो’त, १९५६ साली, बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. बनारसच्या चौकात उजेड आभाळातून खाली झिरपतो, त्याला सावलीची धार नसते. स्टुडिओतले दिवे तर धारदार. मग सुब्रत मित्रांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्या कापडावर मारले, कापडावरून परतलेला उजेड खाली पडू दिला. मामा हे सांगताना दरवेळी हात वर करून आमच्या वाड्याच्या चौकाकडे बोट दाखवतो. त्याचं म्हणणं, हे पुण्यात वर्गात शिकवलं तेव्हा सगळे वह्या भरून लिहीत होते आणि त्याला एकट्याला हसू येत होतं. चुन्याच्या भिंतींवरून टप्पा खाऊन आलेल्या उजेडातच तो जन्मला होता, आजी त्याच उजेडात धान्य निवडायची.

दुसरे व्ही. के. मूर्ती. ‘कागज के फूल’, १९५९, आपला पहिला सिनेमास्कोप, रुंद पडद्याचा. रिकाम्या स्टुडिओत वरून उजेडाचा तो एकच झोत उतरतो आणि त्यात धूळ तरंगते. तो झोत दिव्याचा नाही, बाहेरचं ऊन आरशांवरून वळवून आत आणलेलं आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मामा रात्रभर जागा होता म्हणे. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला, तो मिळवणारे ते पहिलेच छायालेखक. त्या दिवशी मामाने मुंबईहून मला फोन करून पेढे घ्यायला सांगितले. मी बँकेत होते, समोर रांग होती, मी विचारलं कोणाला काय झालं? त्याला वाईट वाटलं असावं. पेढे मी आणले, पण दुसऱ्या दिवशी.

फाळक्यांचंही तो सांगतो. सिनेमे पाहून पाहून आणि झोप न घेता त्यांचे डोळे काही काळ गेले होते, उपचारांनी परत आले, तेव्हा कुठे १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. “आपल्या धंद्याची सुरुवातच डोळ्याच्या डॉक्टरपासून आहे,” हे त्याचं आवडतं वाक्य. ऑपरेशनच्या आधी ऑटोत बसून त्याने तेच म्हटलं. तेव्हा ते विनोदी वाटलं होतं.

जूनचा उरलेला महिना मी रोज संध्याकाळी बँकेतून परस्पर महालात जात होते. मामीचा हात थरथरतो, थेंब गालावर पडतात. त्या महिनाभरात मामाने घरातली एकेक वस्तू तपासली. पितळेचा डबा दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखाच. दूध डाव्याला सायीसारखं, उजव्याला पार कपड्याच्या साबणासारखं. मामीची जी साडी तो तपकिरी समजत होता ती डाव्याला तपकिरीच दिसत होती, आणि उजव्याला अशी जांभळी, की त्याने मामीला विचारलं, ही नवी घेतली का. मामी म्हणाली, सहा वर्षांपूर्वी, तुमच्यासमोर. मी त्याला गंमत म्हणून मोनेची गोष्ट सांगितली. फ्रान्सचा तो चित्रकार, म्हातारपणी मोतीबिंदू, १९२३ मध्ये ऑपरेशन, मग सगळं निळं दिसतंय म्हणून कुरकुर, आणि काही जुनी चित्रं त्याने पुन्हा हातात घेतली. मामाने ऐकून घेतलं. “त्याला रिटेक मिळाला,” म्हणाला. “आमचं निगेटिव्ह लॅबला गेलं.”

मग एके दिवशी त्याने माझा लॅपटॉप मागितला. २०११ चा तो शेवटचा सिनेमा कुठेतरी फुकट बघायला मिळतो हे त्याला शेजारच्या मुलाने सांगितलं होतं. वाडा अंधारा केला, कूलर बंद केला (का, ते कळलं नाही, आवाजाचा रंगाशी काय संबंध), आणि आम्ही दोघं बाजेवर बसलो. पहिली वीस मिनिटं तो फक्त उजव्या डोळ्याने बघत होता. मग थांबवायला सांगितलं. म्हणाला, “निळा आहे. सगळा निळा आहे.”

त्याने मग जे सांगितलं ते तुटक होतं, मी जोडून लिहिते. हा सिनेमा फिल्मवर शूट झाला, पण शेवटचे रंग संगणकावर बसवले. एका गार खोलीत पंचविशीतला एक मुलगा मोठ्या पडद्यासमोर बसून चाकं फिरवत होता आणि मामा त्याच्या मागच्या सोफ्यावर. प्रत्येक प्रसंगाला मामा म्हणायचा, पिवळं जातंय, थोडं थंड कर. मुलगा करायचा. तिसऱ्या दिवशी तो बिचकत म्हणाला, सर, माझ्या हिशेबाने आपण फार निळ्यात चाललोय, मीटरवर पण तेच दिसतंय. मामा त्याच्यावर ओरडला. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी पांढरा बघतोय, असं काहीसं. मुलगा गप्प झाला आणि चाकं मामा म्हणेल तशी फिरवत राहिला.

“बरोबर होता तो,” मामा म्हणाला. बराच वेळाने म्हणाला, “आणि गंमत ऐक. त्या सिनेमाबद्दल काही छापून आलं असेल तर एवढंच, की छायाचित्रणातला थंडपणा विषयाला साजेसा आहे.” आता तो खरंच हसला, पोट धरून, आणि ऑपरेशनच्या डोळ्यावर ताण नको म्हणून मी त्याला हसू नको म्हणत होते.

त्या मुलाचं नाव त्याला आठवत नव्हतं. दोन दिवस तो आठवायचा प्रयत्न करत होता.

आता इथे मला एक गोष्ट सांगायची आहे जी मी टाळत आले. आजी गेली तेव्हा मामा आला नाही. म्हणजे आला, तिसऱ्या दिवशी, राख सावडायलाही उशीर करून. १९८९चा फेब्रुवारी. आईने त्यानंतर त्याच्याशी वर्षभर धड बोलणं ठेवलं नव्हतं, आणि मामीने काय केलं ते आम्हाला माहीत नाही, कारण मामी बोलत नाही. घरात ठरलेलं वाक्य आहे, ‘त्याला शूटिंग सोडवलं नाही.’ मीही ते कितीदा म्हटलंय, लग्नकार्यात, त्याच्या पाठीमागे, आणि म्हणताना बरंही वाटायचं. मामाने कधी खुलासा केला नाही. या जूनमध्येही केला नाही. त्याने फक्त कॅमेऱ्याबद्दल सांगितलं, ते मी सांगते.

तेव्हा बाहेरगावच्या कामाला ॲरीचा टू-सी कॅमेरा असायचा. शिवणयंत्रासारखा आवाज, म्हणून सगळा आवाज नंतर डब करायचा. त्यात फिल्मच्या पुढे एक आरसा फिरतो, अर्ध्या वर्तुळाचा, सेकंदाला चोवीस वेळा. आरसा बाजूला असतो तेव्हा उजेड फिल्मवर पडतो. आरसा समोर येतो तेव्हा फिल्म अंधारात सरकते आणि उजेड कॅमेरामनच्या डोळ्याला जातो. म्हणजे जे फिल्मवर उमटतं ते त्याला त्या क्षणी दिसत नाही, आणि जे त्याला दिसतं ते फिल्मवर नसतं. शूटिंगमध्ये बंदुकीचा बार असला आणि त्याची ठिणगी कॅमेरामनला दिसली, तर तो ओरडतो, पुन्हा. कारण त्याला दिसली म्हणजे फिल्मवर आली नाही. मी हे पहिल्यांदा ऐकत होते. इतक्या वर्षांत मामाने हे कधी सांगितलं नाही, किंवा आम्ही विचारलं नाही. दुसरं म्हणजे, कॅमेरा चालू असताना डोळा त्या रबरी कपावरून काढायचा नाही. काढला तर मागून उजेड आत शिरतो आणि फिल्म धुरकट होते. घाम येऊ दे, माशी बसू दे, काहीही होऊ दे.

“मळ्यातला शॉट होता,” मामा म्हणाला. “सूर्य बुडायला दहा मिनिटं. चारशे फुटांचा रोल, म्हणजे साडेचार मिनिटं पण नाही. प्रॉडक्शनचा माणूस तालुक्याहून तार घेऊन आला आणि माझ्या मागे उभा राहिला. मी त्याचा चेहरा नाही पाहिला, त्याचे बूट पाहिले. फोर–फाइव्हसिक्स स्प्लिट होतं एक्स्पोजर.” लेन्सचं तोंड किती उघडं होतं त्याचा आकडा. एवढंच. नंतर काय झालं, गाडी होती का, कोणी सोडलं नाही का, की त्याने स्वतःच दुसऱ्या दिवसाचा मळा पूर्ण केला, यातलं काही त्याने सांगितलं नाही. मी विचारायला तोंड उघडलं होतं. तो पुन्हा म्हणाला, “फोर–फाइव्हसिक्स,” जसा कोणी गोत्र सांगतो.

तो सिनेमा लागला होता. आम्ही पाहिलाही होता, आई सोडून. त्यातली मळ्यातली ती संध्याकाळ मला आवडली होती, आणि आवडली याचा रागही आला होता. अजूनही नेमकं काय वाटतं ते सांगता येणार नाही. लेखकाला इथे मोह होतो, आरसा, डोळा, दिसणं, न दिसणं, सगळं गुंफून एक छान वाक्य करायचा. मी ते मनातल्या मनात केलंही होतं आणि मामाला ऐकवलंही. तो म्हणाला, “हे तू लिही. पण आरसा म्हणजे आरसा असतो, बाई. दर संध्याकाळी त्यावर ब्लोअर मारावा लागतो.”

आजीचा एक फोटो मात्र त्याने काढलेला आहे. हाच एक. आयुष्यभर लोकांचे चेहरे उजळवणाऱ्या या माणसाने घरातल्या कोणाचे फोटो काढले नाहीत, आमच्या मुंजी-बारशांना शेजारचा स्टुडिओवाला यायचा आणि सगळ्यांच्या तोंडावर फ्लॅश मारून जायचा. मामा उपस्थित असला तरी कोपऱ्यात उभा राहून तोंड वाकडं करायचा, पण कॅमेरा हातात घ्यायचा नाही. सुट्टीत आलोय, म्हणायचा. हा फोटो इन्स्टिट्यूटच्या पहिल्या वर्षातला, कोणाचा तरी उसना कॅमेरा आणि ‘इंदू’चा कृष्णधवल रोल. आजी चौकातल्या पायरीवर बसून सुपात तांदूळ निवडते आहे. मान खाली आहे, म्हणजे चेहरा काळा यायला हवा. पण नाही आला. हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत, नथीच्या जागेवरच्या खळग्यात मऊ उजेड आहे, खालून वर गेलेला. कित्येक वर्षं मला वाटायचं हे आजीचंच तेज. यंदा कळलं. “सुपात तांदूळ होते ना,” मामा म्हणाला. “वरचं ऊन तांदळावर पडून तिच्या तोंडावर चाललं होतं. पुढं मुंबईत थर्माकोल धरायला माणसं ठेवावी लागली.”

तो फोटो त्याने उजव्या डोळ्याने पाहिला आणि म्हणाला, कागद किती पिवळा पडलाय. डाव्याने पाहिला तर म्हणाला, पडलाच नाही.

२०१८ च्या हिवाळ्यात नागपुरात ‘झुंड’चं शूटिंग होतं तेव्हाची गोष्ट मध्येच आठवली. अख्खं शहर अमिताभ बच्चनला बघायला लोटलेलं. मामानेही चल म्हटलं, मला आश्चर्य वाटलं. मैदानाबाहेर गर्दीत दोन तास उभे. आत काही हललं की सगळे ‘आला आला’ करत उड्या मारायचे. मी मामाकडे पाहिलं तर तो भलतीकडेच, पाठ करून, एका क्रेनवर बांधलेल्या भल्यामोठ्या पांढऱ्या कापडाकडे बघत होता. कॅमेरा सुधाकर रेड्डी यक्कंटींचा, ‘सैराट’वाले. “हिवाळ्याचं ऊन आहे, तिरपं, गोड. तरी कापड लावलं बघ त्यानं,” मामा म्हणाला. “मे महिन्यात इथं आले असते तर दुपारी बारा ते तीन जेवण आणि झोप, दुसरं काही नाही.” मे महिन्याच्या शेवटी एक दिवस नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सव्वीस तारखेच्या आसपास, खांबाची सावली खांबाच्या पायातच जाते. पोरं शाळेच्या गच्चीवर बाटल्या उभ्या करून ते बघतात. मामा त्या दिवसाला शिव्या देतो. वरून पडणाऱ्या उजेडात प्रत्येक माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात, मग तो बच्चन असो की रिक्षावाला.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्यासाठी जुलैची तारीख दिली होती. मामाने ती पुढे ढकलली. मामीला वाटलं घाबरला. मी समजावलं, ओरडले, मुंबईच्या मामेबहिणीला फोन करून तिच्याकडून ओरडवलं. मामा म्हणाला, “मारबत होऊ द्या.”

बाहेरच्यांना हे सांगूनही समजत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाकडे काळी मारबत आणि पिवळी मारबत या बायांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, एकोणिसाव्या शतकापासून. पुढे-मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, त्यांच्या गळ्यात त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याच्या नावाच्या पाट्या. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा आरडाओरडा, ढोल, घाम, आणि वरून हमखास पाऊस. मामाचं लहानपण त्या रस्त्यावर गेलेलं. काळीला डोळ्यांचा प्रश्न नाही, ती दोन्हींत काळीच. पिवळी त्याला दोन्ही डोळ्यांनी एकदा बघायची होती, दोन्ही डोळे वेगळे आहेत तोवर.

गेलो. मामी, मी, आणि काळा गॉगल लावलेला मामा. त्याला गर्दीपासून वाचवायला आम्ही एका बंद दुकानाच्या ओट्यावर चढलो. आभाळ भरलेलं होतं. हे मामाला पसंत पडलं, वर कापड ताणल्यासारखं आहे म्हणाला. आधी ढोल कानावर आले, मग पोरांची लाट, मग घरांच्या पहिल्या मजल्यांइतकी उंच, डोलत, ती पिवळी बाई. मामाने गॉगल काढला. डावा हात डाव्या डोळ्यावर. मग उजवा उजव्यावर. लोक त्याच्याकडे बघत होते. मारबतीला कोणी असं सलाम ठोकल्यासारखं करत नाही. ती आमच्यासमोरून जाईपर्यंत त्याचं हेच चाललं होतं. मी कानाशी जाऊन विचारलं, कशी दिसली? ढोलांत त्याला ऐकू आलं नाही. मामीने विचारलं. तिचं ऐकू आलं.

“उजव्यात लिंबू,” तो ओरडून म्हणाला. “डाव्यात हळद.”

मग मामीने आपला एक डोळा झाकून पाहिला. मग दुसरा. मीही. आम्हाला दोन्हीकडे सारखीच दिसत होती, आणि थोडं हिरमुसल्यासारखं झालं.

डावा डोळा पुढच्या आठवड्यात झाला. आता दोन्ही छप्पनशे. ताक पांढरं, मामीची साडी जांभळी, भिंती निळ्या. भिंतींचा विषय कोणी काढला नाही. दिवाळीच्या आधी तोच रंगारी आला, मीच बोलावला होता, पावसात चौकाकडची भिंत उतरली होती. त्याने डबा उघडला, काडीने ढवळला आणि मागच्या अनुभवाने शहाणा होऊन आधीच विचारलं, “काका, निळा किती टाकू?”

मामा बाजेवर पेपर वाचत होता. त्याने वर पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. “हिला विचार.”

मामी पदराला हात पुसत बाहेर आली. “मागच्या वर्षी होता तेवढाच,” म्हणाली.